लिहून देतो की

कंधारच्या तहसिलीसमोर, लिंबाखाली,
माझं टेबल, माझा प्रिंटर
आणि सासऱ्याच्या काळातली पाटी: दस्तलेखक.
पेंटर म्हणाला, 'लेखिका' करून देतो, दोनशे रुपये.
मी म्हणाले, राहू दे बाबा,
पत्रा तसाही गंजलाय.

नमुनाही त्यांचाच. संगणकात जसाच्या तसा:
'मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की...'
अकरा वर्षं मी फक्त नावं बदलत आले.
भागीरथी गुट्टे, वय बासष्ट, धंदा घरकाम, लिहून देतो की.
जरीना पठाण, धंदा शिवणकाम, लिहून देतो की.
एका बाळंतिणीनं मांडीवर लेकरू घेऊन
'देतो'च्या खाली अंगठा उठवला,
शाई पदराला पुसली.
कुणी काही म्हणालं नाही.
मी तरी कुठं म्हणाले?

एकदाच 'देते' करून पाहिलं.
आतल्या अव्वल कारकुनानं लाल पेननं गोल केला:
नमुन्यात बसत नाही, ताई.
पान वाया. पुन्हा देतो.

परवा दुपारी कांचन
आला? आली?
व्यक्ती म्हणावं तर ती, माणूस म्हणावं तर तो,
आणि स्टूल तर एकच.
हिरवा शर्ट, कानात बारीक बाळ्या,
हातात रेशनकार्डाची झेरॉक्स.
"'देतो' नका टाकू मावशी. आन् 'देते' बी नको.
'देतं' म्हनायला लेकरू हाव का मी?"

हसलो दोघं.
आणि तोंडातून निघालेल्या त्या 'दोघं'पाशी मी थांबले.
नवरा-बायको दोघं, बहीण-भाऊ दोघं,
लग्नाला सगळी आली, जेवली, अंगणात झोपली.
म्हणजे जागा होती की आमच्या बोलण्यात,
आधीपासून, सारवलेली.
फक्त तिथं एकट्यानं बसू देत नाहीत कुणाला,
लेकरू सोडून,
वासरू सोडून.

मग आम्ही वाक्य उसवायला घेतलं.
'लिहून देण्यात येते की'
"कोन देतंय मग? मला कामून काढता त्यातून?"
'लिहून देतो/देते की'
त्या तिरप्या रेघेवर कांचननं बोट ठेवलं:
"ही रेघ म्हंजे मी का?"

मी म्हणाले, 'मी लिहिलं' चालेल बघ.
भाकरी केली, चूल पेटवली, भिंत बांधली,
तिथं करणाराला कुणी विचारत नाही.
येणं-जाणं, उठणं-बसणं मात्र
नाक्यावर नोंद करूनच.

तेवढ्यात लाइट गेली.
इन्व्हर्टर कोकलला, पडदा काळा.
"ऱ्हाऊ द्या," कांचननं पिशवी उचलली, "उद्या येईन."

येईन.

मी तशीच बसले, हात कळफलकावर.
येईन. जाईन. राहीन. सही करीन.
सासरे म्हणायचे येईन, आई म्हणायची येईन,
शब्द तोच, काना नाही, मात्रा नाही.
उद्याकडं जाताना
कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

पण 'लिहून देईन' टाकलं
तर कारकून विचारील, देईन म्हणजे कधी?
त्याचंही खरंच.

रात्री घरी, पोळ्या लाटता लाटता सापडलं.
'माझे म्हणणे असे की'
लिंग लागलं तर ते म्हणण्याला लागेल.
लागू दे बापडं.

सकाळी कारकुनाचं लाल पेन पानावरून दोनदा फिरलं.
गोल करायला काही मिळेना.
शिक्का मारला, तिरका,
आणि चहा सांगितला. स्वतःपुरता.

आज भागीरथीबाई आल्यात,
शेताच्या बांधाचं काम आहे.
मी वाचून दाखवते: माझे म्हणणे असे की
"थांब," म्हणतात. "कुणाचं म्हननं?"
तुमचं.
"माझं?"

अंगठा शाईत बुडवून
त्या बराच वेळ नुसत्याच बसल्यात.